दावण रिकामी का होते?

(आळेफाटा येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा गोषवारा)



आळेफाट्याला चार रस्ते मिळतात. एक पुण्याकडे जातो, एक नाशिकला, एक माळशेज घाट उतरून कल्याणला आणि एक अहिल्यानगरला. आज चारही रस्त्यांनी माणसे आली आहेत. जुन्नर-आंबेगावची मंडळी तर आहेतच, पण मराठवाड्यातून आणि वऱ्हाडातून कापूस-ज्वारीवाले शेतकरीसुद्धा रात्रभर प्रवास करून आले आहेत. तुमच्याकडे जिला तिफण म्हणतात, तिला आमच्याकडे पाभर म्हणतात. तुमचा डवरा तो आमचा कोळपा. नावे वेगळी, पण ओढणारा बैल एकच. त्या बैलाविषयी आणि त्याच्या आईविषयी आज बोलायचे आहे.

इथून जवळच आळे गाव आहे. बाहेरगावच्या मंडळींनी जाता जाता तिथे अवश्य जावे. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला ज्या रेड्याच्या तोंडून वेद बोलवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे, अशी परंपरा आहे. राजाची समाधी गावोगाव सापडेल. रेड्याची समाधी बांधणारा आणि तिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या डोके टेकवणारा समाज सहसा सापडायचा नाही. आपण तो समाज आहोत.

आणि आता आपल्याच गोठ्यात या. म्हैस व्याली आणि टोणगा झाला, तर घरात काय होते? तोंडे पडतात. त्याला आईचे दूध पोटभर मिळत नाही. तो कधी मेला हे शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. समाधीपुढे डोके टेकवणारे आपण आणि टोणग्याला उपाशी ठेवणारेही आपणच. आपण ढोंगी आहोत का? मला तसे वाटत नाही. समाधीला रोज वैरण घालावी लागत नाही, टोणग्याला घालावी लागते. फरक एवढाच आहे. आजच्या विषयाचे सगळे मर्म या एका फरकात आहे.

आमच्या दावणीची गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. आमच्या घरी चार गावठी गाई होत्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पश्चिमेच्या डोंगरातले डांगी रक्त त्यांच्यात होते. दूध म्हणाल तर घरापुरते, वासराला पाजून उरेल तेवढे. पण दर दोन-चार वर्षांनी त्यांचा एखादा गोऱ्हा जुवाखाली यायचा. बैल विकत आणणे आमच्या वडिलांना माहीत नव्हते.

१९८६ साली एका योजनेतून कर्ज काढून संकरित गाय आणली. मी तिला नावे ठेवणार नाही. तिने आमच्या घरात पहिल्यांदा दर दहा दिवसांनी रोख पैसा आणला. दुधाच्या पगारावर बहिणीचे लग्न झाले, माझी शाळा झाली. पण तिला हिरवा चारा लागे, ऊन सोसत नसे, आणि तिचे खोंड शेतात चालेनात. वशिंडच नाही, तर जू टेकायचे कुठे? मग बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारातून विकत आणायला लागलो. घरी तयार होणारी वस्तू बाजारातून यायला लागली.

एकेक करून गावठी गाई कमी झाल्या. शेवटची राहिली तिचे नाव बाळी. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. पठारावर प्यायला पाणी नाही, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावाने. दावणीला दोन जनावरे, एक संकरित आणि एक बाळी. एकीचा पगार येतो, दुसरीचा येत नाही. मी बाळीला बाजारात नेली आणि विकली.

मागची-पुढची मोजदाद कधी केली नव्हती, ती नंतर केली. बाळीची आई, आजी, पणजी याच घरात व्यालेल्या. पणजोबांच्या आधीपासूनची ती वेल होती. ती मी तोडली. आज माझ्या खिशात लाख रुपये असले तरी ती वेल मला परत मिळणार नाही. आणि तरीही सांगतो, त्या दिवशीचा माझा हिशेब चुकलेला नव्हता. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केले असते. मला बोच आहे ती हीच. हिशेब बरोबर, आणि घरचा वाण बुडाला. तर मग हिशेबच असा का झाला, हे विचारले पाहिजे.

साखळी कुठे तुटली?

कोरडवाहू शेतीत पूर्वी एक साखळी होती. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा जनावराला. जनावराचे शेण उकिरड्यात, उकिरड्याचे खत कपाशीला. कपाशीची सरकी पुन्हा जनावराला. बैलाने पेरायचे, कोळपायचे, वाहायचे. या साखळीत बाहेरून विकत आणावे असे फार थोडे होते.

मालदांडी ज्वारी घ्या. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून ती निवडली गेली. दाणाही चांगला आणि कडबाही चांगला, म्हणून ती टिकली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, ताट बुटके झाले. सरकारने दाण्याचे पोते मोजले, कडब्याची पेंढी कोणी मोजली नाही. खरिपात दाणा पावसात सापडून काळा पडू लागला आणि काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना. पुढे त्या रानात सोयाबीन आले. सोयाबीनच्या भुसाने ज्वारीच्या कडब्याची जागा भरत नाही, हे वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कोणालाही विचारा.

कपाशीचेही तेच. देशी कपाशी कमी पाण्यावर तगायची, पण धागा आखूड म्हणून भावात मार खायची. आधी संकरित कपाशी आली, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. बीटीने बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षे वाचवल्या, हे खरे आहे. शेतकऱ्याने ती आपखुशीने घेतली, हेही खरे आहे. पण आज कोणाला देशी कपाशी लावायची झालीच, तर बियाण्यासाठी दारोदार फिरावे लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीत लांब धाग्याचे वाण काढून दाखवले आहेत. म्हणजे खोट देशी वाणात नव्हती. त्याच्यावर काम करायला फार थोडे लोक बसले, एवढेच.

ज्वारी गेली म्हणून कडबा गेला. कडबा गेला म्हणून बैल जड झाला. बैल जड झाला म्हणून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर आल्यावर गावठी गाईचा गोऱ्हा कोणाला नको झाला. आणि गोऱ्हा नको म्हटल्यावर त्याची आई कशाला पोसायची? दावण एका दिवसात रिकामी झाली नाही. एकेक कडी सुटत गेली.

शेळी का वाढली आणि गाय का घटली?

आता थोडे आकडे सांगतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला. त्यातला संकरित आणि विदेशी गोवंश २०१२ च्या मानाने जवळजवळ २७ टक्के वाढला. देशी मात्र ६ टक्के घटला.

महाराष्ट्राचा हिशेब याहून बोलका आहे. २०१२ मध्ये राज्यात गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे १ कोटी ४० लाख झाले, म्हणजे दहा टक्के घट. त्याच सात वर्षांत, त्याच महाराष्ट्रात, त्याच दुष्काळात शेळ्या सुमारे ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ.

शेळीसाठी कोणी मोर्चा काढला होता का? शेळीला कोणी माता म्हटले होते का? उस्मानाबादी शेळी पाहा. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे नाव तेच राहिले. काळीभोर, काटक, पुष्कळदा जुळी करडे देणारी. ती कोणत्याही प्रदर्शनाच्या जोरावर टिकली नाही. ती टिकली, कारण घरात अडचण आली की बायाबापड्या तिला बाजारात नेतात, भाव करतात, पैसे कनवटीला लावतात आणि उरलेल्या शेळीपासून पुन्हा कळप उभा करतात. विकता येते म्हणून ती पाळली जाते.

गाय-बैल घटण्याला कारणे अनेक आहेत. ट्रॅक्टर आहे, चाराटंचाई आहे, वाटण्या होऊन जमिनीचे झालेले तुकडे आहेत. पण एक कारण असे आहे की जे बोलायला माणसे कचरतात. मी बोलतो.

राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूलाही लागू झाली. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गाईवर तुमची श्रद्धा आहे, तशीच माझीही आहे. पोळ्याला मीही पुरणपोळीचा घास बैलाला आधी देतो. पण श्रद्धेने वैरण विकत मिळत नाही. पूर्वी म्हातारा बैल विकून त्यात थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणायचा. आज म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्य आहे. शून्य नव्हे, उणे आहे, कारण तो मरेपर्यंत खातो. जुनी मोटारसायकल कोणी घेणार नाही, ती मोडीतही जाणार नाही, उलट रोज तिच्यात तेल घालावे लागेल, असा नियम झाला, तर नवी मोटारसायकल कोण घेईल? बैलाचे नेमके तेच झाले.

कायदा करणाऱ्यांचा हेतू मी काढत नाही. त्यांना गोवंश वाचवायचा असेल. पण गोवंश वाचवायचा तर तो सांभाळणारा आधी वाचला पाहिजे. समाजाला म्हातारा बैल जगवायचा असेल, तर समाजाने तो आमच्या दावणीवरून रोख किंमत देऊन न्यावा आणि खुशाल जगवावा. तेवढी ऐपत नसेल, तर विकण्याची वाट मोकळी ठेवावी. दोन्ही वाटा बंद करून शेतकऱ्याला पुण्य सांगू नये.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केले. गोशाळांतल्या देशी गाईंना दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. गोशाळेतल्या गाईला मिळाले याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण नीट विचार करा. गोशाळेत बहुतेक गाई येतात त्या शेतकऱ्याने सोडलेल्या. वाण तिथे पुढे चालत नाही, तो चालतो शेतकऱ्याच्या दावणीला, जिथे गाय गाभण राहते, वासरू निवडले जाते, वाढवले जाते. त्या दावणीला काय मिळाले?

शर्यतीने खोंड वाचवला, गाय नाही

आता जुन्नर-आंबेगावची मंडळी म्हणतील, आमच्याकडे बैल आहे. खरे आहे. या भागातल्या जत्रांत घाट भरतो, पुढे घोडी पळते, मागे बैलांची बारी सुटते, हे बाहेरच्यांनी एकदा पाहावे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या काळात शर्यतीच्या खोंडाला गिऱ्हाईक नव्हते. परवानगी मिळाल्यावर त्याच खोंडाच्या किमती लाखांत ऐकू यायला लागल्या. मागणी आली की वाणाला कसा जीव येतो, त्याचा हा डोळ्यांपुढचा दाखला आहे.

पण आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगतो. शर्यतीने खिलार खोंड वाचवला. गाय वाचवली असे समजू नका. घाटात पळणारा बैल पुष्कळदा सांगोला, आटपाडी, माण अशा लांबच्या मुलखातून येतो. आपण तो विकत आणतो. आपल्या गावात खिलार गाय किती जणांच्या दावणीला आहे? आणि ज्याला पळता येत नाही त्या डांगी बैलाचे काय?

डांगी जनावर इथून उत्तरेला अकोले-इगतपुरीच्या डोंगरात आहे. महादेव कोळी, ठाकर, कानडी या समाजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून धुवांधार पावसात भातखाचरात ते दिवसभर उभे राहते. खूर काळे आणि कठीण, दगडात झिजत नाहीत. राजूरला आणि घोटीला डांगी जनावरांची प्रदर्शने भरतात. तिथे पहिला नंबर आलेल्या वळूच्या गळ्यात हार पडतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवसापासून त्याची वैरण पुन्हा मालकाच्या माथी.

त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० ची पद्मश्री मिळवली. त्यांचे काम फार मोठे आहे. पण बियाणे राख लावून मडक्यात ठेवता येते. वळू मडक्यात ठेवता येत नाही. तो रोज खातो. म्हणून बियाणे एकटी बाई वाचवू शकते, जनावर वाचवायला गाव लागते.

मेंढरू आणि घोडे

दिवाळी झाली की पारनेर-संगमनेरकडचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरायला लागतात. सोबत घोड्यांवर बिऱ्हाड असते. भांडी, कोंबड्या, कोकरे, कधी लहान पोर. त्या घोड्याला आपण तट्टू म्हणून हिणवत होतो. तो भीमथडी घोडा. भीमेच्या खोऱ्यात घडलेली ही जात मराठ्यांच्या फौजांत होती. ती नामशेष झाली असेच सगळे म्हणत होते. ती धनगराच्या वाड्यावर जिवंत होती, आणि गेल्या काही वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. राजे गेले, पागा गेल्या, तरी घोडा राहिला. कारण धनगराला त्याचे रोज काम होते.

उलट दख्खनी मेंढीची लोकर पाहा. घोंगडीला गिऱ्हाईक उरले नाही, तशी लोकर कवडीमोल झाली. आज कातरणीची मजुरी लोकरीतून निघत नाही. मग धनगर मांसाला भारी असणाऱ्या मेंढ्याकडे वळतो. त्याला दोष कोणी द्यावा? लोकरीला भाव नाही, तर लोकरीची मेंढी उरणार नाही. शेतात मेंढरे बसवायला शेतकरी अजून पैसे देतो, धान्य देतो, तेवढाच तिला आधार आहे.

मग संकरित गाय विकायची का?

सकाळी एका तरुणाने मला हाच प्रश्न विचारला. "दादा, मग मी एचएफ विकू का?" मी म्हणालो, विकू नकोस. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे, घास-मका आहे, डेअरी जवळ आहे, त्याने संकरित गाय जरूर ठेवावी. देशी गाईच्या नावाने पाचपट-दहापट किमतीचे तूप विकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या जाहिराती वाचून कोणी कर्ज काढू नये. आणि ट्रॅक्टर सोडून बैलाकडे चला, असे सांगायलाही मी आलेलो नाही.

मी एवढेच सांगतो की आपला मुलूख पाण्याचा नाही. अण्याच्या पठारावर, बीडच्या माळावर, यवतमाळच्या बरड रानात दर चार वर्षांनी पाऊस दगा देतो. ऊन वाढते आहे, हेही अंगावर जाणवते आहे. उद्या हिरवा चारा परवडेनासा झाला, तर कमी चाऱ्यावर, कडक उन्हात गाभण राहणारी गाय लागेल. ती कारखान्यात तयार होत नाही. शेकडो वर्षे दुष्काळाने निवडून ठेवलेली ती आहे. ती एकदा संपली, की मग कोणत्याही किमतीला मिळणार नाही. घरातले सगळे दागिने मोडावेत, पण बियाण्याची कणगी मोडू नये, असे आपले जुने लोक वागत. देशी गाय ही आपली कणगी आहे.

आपल्या हातातले काम

सरकारकडे मागायचे ते मागू. पण जाताना चार कामे घेऊन जा. या चारांना कोणाची परवानगी लागत नाही.

पहिले काम, जनावराला नाव द्या. २५ ऑक्टोबर २०२४ ला एकविसावी पशुगणना सुरू झाली. तीत जनावराची जातही नोंदवायची होती. आपल्यापैकी किती जणांनी नुसते "गावठी" म्हणून सांगितले? ज्याला नाव नाही त्याला वाली नाही. राज्यात खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला, काठाणी या गोवंशाच्या नोंदलेल्या जाती आहेत. म्हशींत पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी, पूर्णाथडी आहेत. आपल्या दावणीला यांतले काय आहे, ते जाणत्या माणसाकडून ओळखून घ्या. ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्याने ती ठेवायची आहे. पुढच्या ग्रामसभेत ती उघडायला लावा. तीत आपल्या गावचे जनावर, ज्वारी, कपाशी यांची नोंद आहे का, ते बघा. नसेल तर करून घ्या.

दुसरे काम, चांगला गोऱ्हा खच्ची करू नका. आपण काय करतो? कळपातला सगळ्यात देखणा, उंच, शांत गोऱ्हा निवडतो आणि त्याला बैल करतो. उरलासुरला रेंगाळलेला खोंड मोकाट फिरतो आणि गाई त्याच्याकडून फळतात. पिकातले भारी कणीस आपण बियाण्याला ठेवतो आणि कळपातला भारी गोऱ्हा मात्र बाद करतो. यातून दर पिढी उतरत जाणार नाही तर काय होणार? गावातला सगळ्यात चांगला गोऱ्हा वळू म्हणून राखा.

तिसरे काम, वळू सामायिक ठेवा. पूर्वी देवाच्या नावाने वळू सोडत. तो कोणाच्याही शेतात तोंड घाली आणि त्याला कोणी मारत नसे. तो गावाने दिलेला खर्चच होता. आता तसे सोडणे जमणार नाही, पण हिशेब जमेल. समजा वळूची वैरण-पेंड दिवसाला शंभर रुपये धरली. वर्षाचे झाले ३६,५०० रुपये. एक वळू पन्नास गाईंना पुरतो. गाईमागे वर्षाला ७३० रुपये पडले. आकडे तुमच्या गावचे घाला, हिशेब असाच मांडा. चार-पाच शेजारची गावे मिळून करा. दोन गोष्टी पाळा. वळू आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्या. आणि तीन वर्षांनी तो शेजारच्या गावाला द्या, त्यांचा आपण घ्या. नाहीतर त्याच्याच कालवडी त्याच्याकडून फळतील आणि वाण खराब होईल.

चौथे काम, एका तुकड्यावर तरी कडब्याची ज्वारी ठेवा. सगळे रान सोयाबीनला किंवा कपाशीला देऊ नका. ज्या वर्षी दाण्याला भाव नसतो त्या वर्षी कडब्याला असतो, हे दुष्काळात आपण पाहिले आहे. जनावर वाचवण्याची सुरुवात गोठ्यात होत नाही, ती पेरणीत होते.

शेवटचे

बाळीला विकले त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. दावे रिकामे खुंट्याला लोंबत होते. आई काही बोलली नाही. तिने ते दावे सोडले, झटकले आणि माळ्यावर टाकले. मी विचारले, फेकून का देत नाहीस? ती म्हणाली, "असू दे. लागलं तर."

ते दावे अजून माळ्यावर आहे. गेल्या वर्षी अकोल्याच्या डोंगरातून एक डांगी कालवड आणली. ती बाळीची वेल नाही, ते मला ठाऊक आहे. ती गाभण राहावी म्हणून वळू शोधायला निघालो, तर आमच्या आणि आजूबाजूच्या चार गावांत एकही डांगी वळू सापडला नाही. म्हणून आज मी या व्यासपीठावर उभा आहे. भाषण करायला नव्हे, वळू शोधायला.

बैठक संपल्यावर मी त्या चिंचेखाली थांबणार आहे. ज्यांच्या दावणीला डांगी, खिलार, देवणी, कंधारी, जे काही असेल, त्यांनी येऊन गावाचे नाव आणि जनावरांची संख्या लिहून द्यावी. वहीत आज पहिले पान कोरे आहे. ते भरल्याशिवाय आळेफाटा सोडू नका.